सासऱ्यांची आरडी आणि नातवाचं अठरावं

प्रश्न (नाव-गाव गाळून, थोडक्यात) :

आम्ही बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एकत्र राहतो. माझे सासरे ६९ वर्षांचे आहेत, सगळे त्यांना दादा म्हणतात. १९८४ साली कापसाच्या पैशातून त्यांनी आरडी ३५० मोटरसायकल घेतली. ती अजून वाड्याच्या ढाळजेत, दाराजवळच्या ओसरीत उभी आहे. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, तिची पूजा होते. एरवी रुमालात बांधून कपाटात ठेवलेले दोन्ही प्लग दादा बाहेर काढतात, बसवतात आणि गाडी चालू करतात. गल्ली गोळा होते. मग वर्षभर तेच किस्से. बीडहून सोलापूर दोन तासांत कसं गाठलं, मांजरसुंब्याच्या घाटात एसटीला कसं मागं टाकलं, कुठं पडलो आणि धूळ झटकून कसा निघालो. विहिरीवरच्या इंजिनाचं हँडल उलटं मारल्यानं त्यांचं उजवं मनगट वाकडं झालंय. ती गोष्ट सांगताना मात्र पोरांना दम देतात.

माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, त्याला हे सगळं तोंडपाठ आहे. यंदा दादांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, की अठरावं सरलं की गाडी नातवाची. डिसेंबरात त्याला अठरा पूर्ण होतील. माझा चुलतभाऊ तेविसाव्या वर्षी मोटरसायकलवर गेला. तेव्हापासून सायलेन्सरचा आवाज आला तरी पोटात गोळा येतो. पुण्याचा एक माणूस गाडीला चांगली किंमत देतो म्हणतोय. यजमान म्हणतात, "दादांना कोण सांगणार? मला तर आयुष्यात कधी हात लावू दिला नाही." दादांना स्वतःच्या फुशारकीपुढं नातवाच्या जिवाची किंमत नाही असं मला वाटायला लागलंय. कार्तिकीला दादा पंढरपूरला जातात. तेवढ्यात गाडी विकून टाकू का?

उत्तर :

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे तो विषय संपेल. गाडी दादांच्या नावावर आहे. विकायची तर २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर त्यांचीच सही लागणार. त्यांच्या माघारी ती जाईल फक्त भंगारात किंवा बिनकागदाची, आणि बिनकागदाची गेलेली गाडी उद्या कुठं सापडली तर आरटीओच्या दप्तरी मालक दादाच राहतील. शिवाय वारी करून परतलेला माणूस रिकामी ढाळज बघणार, आणि पुढची कितीतरी वर्षं त्याच घरात तुम्ही त्यांना ताट वाढणार. हा बेत सोडा.

भीती सोडा असं मात्र मी म्हणणार नाही. भाऊ गमावलेल्या बाईला "काही होत नाही हो" म्हणणाऱ्यांचा मला रागच येतो. ती भीती योग्य ठिकाणी लागली आहे का, एवढंच बघू.

तुमच्या पत्रातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. दादा दोन्ही प्लग काढून कपाटात ठेवतात. तुम्हाला त्यात म्हाताऱ्याची हौस दिसली असेल. मला त्यात पहारा दिसतो. जुन्या गाडीच्या किल्लीचं काय, वायरी जोडून गल्लीतलं कुठलंही पोरगं ती चालू करेल. प्लगच नसतील तर मात्र ठिणगी पडणार नाही आणि बाप आला तरी गाडी पेटणार नाही. वाड्याचं दार दिवसभर उघडं, घरात वाढतं पोर, हे ओळखूनच त्यांनी ते केलंय. ज्याला नातवाच्या जिवाची किंमत नाही तो माणूस दर वर्षी पूजा झाल्यावर पाना घेऊन प्लग काढत बसत नाही. (त्या भोकांत त्यांनी कापडाचे बोळे कोंबले असतील अशी आशा आहे. नाहीतर पावसाळ्यात सिलेंडर आतून गंजतो.)

म्हणजे ही गाडी काय चीज आहे ते दादांना पक्कं माहीत आहे. तुम्हालाही ते कळायला हवं, कारण तुम्ही घरात तिचे पोवाडेच ऐकलेत.

फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सनं १९८३ मध्ये यामाहाची ही मोटरसायकल राजदूत ३५० या नावानं भारतात बनवायला घेतली. ३४७ सीसी, दोन सिलेंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. सुरुवातीच्या गाड्या साडेतीस बीएचपीच्या (अश्वशक्तीच्या) होत्या. पुढं पेट्रोल जरा कमी प्यावं म्हणून ताकद २७ वर आणली. दादांची १९८४ ची म्हणजे बहुधा पहिल्या जातीतली. त्या वेळी आपल्याकडं रस्त्यावर दुसरं काय होतं? बुलेट, येझदी, १७५ ची साधी राजदूत आणि स्कूटरी. त्यांच्यात ही उतरली आणि पोरं वेडी झाली. वेडी होण्यासारखीच होती, मी उगीच नाकारणार नाही. दूर फाट्यावरनं तिचा तो दोन सायलेन्सरचा आवाज आला की कोण येतंय हे चहाच्या टपरीवर बसलेल्यांना बघावं लागायचं नाही.

पण जपानमधल्या मूळ गाडीला पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता. इथं बनताना त्या जागी ड्रम आला. पळायची ताकद बरीचशी राहिली, थांबायची कमी झाली. घाट उतरताना ड्रम तापले की ब्रेक पकडेनासे होतात, आणि एक्सलेटर सोडल्यावर फोर-स्ट्रोक इंजिन जसं गाडीला मागं ओढून धरतं तसं टू-स्ट्रोक फारसं धरत नाही. त्यात हिचा स्वभाव असा, की इंजिनाचा वेग निम्म्यावर जाईपर्यंत निमूट चालणार आणि मग एकाएकी उसळणार. बेसावध माणसाच्या हातात पुढचं चाक वर येतं. इंजिनाला वंगण देणारं टू-टी ऑइल संपलेलं ध्यानात आलं नाही, त्याच्या पंपानं दगा दिला, तर पिस्टन सिलेंडरला धरतो आणि मागचं चाक पळत्या गाडीत जाम होतं. तेवढ्यात क्लच दाबला तर वाचला. म्हणून जुने गडी डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर ठेवूनच चालवायचे. पुढच्या खंडेनवमीला दादांचा डावा हात बघा. गाडी स्टँडवर असली तरी बोटं तिथंच जातील.

हे सगळं गाडी नवी असतानाचं. आता तिचं रबर चाळीस वर्षांचं आहे. ऑइल सील वाळले की इंजिन बाहेरची हवा ओढतं, तापतं आणि धरतं. त्यात आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढलंय, ते जुन्या नळ्यांना आणि सीलना मानवत नाही. तेव्हा अठरा वर्षांच्या पोराची पहिली गाडी म्हणून ही नको. याबाबत मी शंभर टक्के तुमच्या बाजूचा आहे.

पण ती विकली की तुमच्या जिवाचा घोर संपला, हे मला पटत नाही. गाडीचे आलेले पैसे कुठं जातील? पोरगा म्हणेल, दादांची गाडी माझीच होती, मग मला दुसरी द्या. आणि अपराधी वाटून तुम्ही द्याल. शोरूममध्ये हप्त्यावर मिळणारी दोनशे सीसीची गाडी आज पंचवीसेक बीएचपीची असते, त्याच्या वरच्या तर आरडीला सहज मागं टाकतात. फरक एवढाच, की २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय) सक्तीचं झालंय, म्हणजे ब्रेक तरी धड आहेत. आरडी वर्षातून एकदा स्टँडवर पेटते. पोराला धोका त्या दिवशीचा नाही. तो ट्यूशनला कशावर जातो? मित्राच्या मागं तिघं बसून जातो का? रात्री लग्नाच्या वरातीहून घरी कसा येतो? ट्रॉलीला मागं लाल दिवा नाही, रस्त्यावर ऊस सांडलेला, अशा अंधारात? आपल्या भागात तरणी पोरं जास्त करून अशीच जातात. त्या वेळी त्यांच्या बुडाखाली साधी शंभर-सव्वाशे सीसीची गाडी असते आणि हेल्मेट घरी खुंटीला असतं. तुमच्या भावाचं नेमकं काय झालं ते तुम्ही लिहिलं नाहीत. पण आठवून बघा, दोष वेगाचा किती होता आणि बाकीचा किती.

आता दादांच्या किश्शांकडं येतो, कारण खरी गोम तिथं आहे.

बीड ते सोलापूर अंतर पावणेदोनशेच्या घरातलं. दोन तासांत म्हणजे सरासरी नव्वदीच्या आसपास, आणि तेही तेव्हाच्या एकेरी डांबरी रस्त्यानं, जिथं समोरून ट्रक आला की दोन्ही चाकं साईडपट्टीवर उतरवावी लागायची. शिवाय बैलगाड्या, मेंढरं आणि वाटेतली गावं. मला वाटतं पहिल्या वर्षी ही गोष्ट अडीच-तीन तासांची असावी आणि दर खंडेनवमीला पाच-पाच मिनिटांनी आखडत आली असावी. तुम्ही हसून सोडून द्याल, पण तुमचा मुलगा हसत नाही. त्याच्या डोक्यात तो आकडा पक्का आहे, आणि दादांचा विक्रम मोडायला एक दिवस तो निघेल.

मनगटाची गोष्ट मात्र दादा वेगळ्या तोंडानं सांगतात, हे तुम्हीच लिहिलंय. का? दोन्ही धोकेच होते. विहिरीवरचं डिझेल इंजिन काही कमी नव्हतं. पट्ट्यात धोतराचा सोगा गेला की माणूसच ओढला जायचा. हँडल मारायची तर त्याची एक रीत होती. व्हॉल्व्ह उघडा धरणारा खटका आधी उचलायचा, चाकाला वेग आला की सोडायचा, आणि हँडल धरताना अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा. पलीकडून वळवून मूठ आवळायची नाही, म्हणजे हँडल उलटं आलं तर हातातून सुटून जातं, मनगट पिरगाळत नाही. ही रीत बाप पोराला शेतातल्या आखाड्यावर उभं राहून शिकवायचा, आणि शिकल्याशिवाय पोराला इंजिनाला हात लावू द्यायचा नाही. दादांच्या हातून एकदा ती चुकली, म्हणून ते दम देतात. धोक्याचं काम होतं, पण त्याला शिकवणारा होता.

मोटरसायकलला शिकवणारा नव्हता. दादांच्या वडिलांनी आयुष्यात बहुतेक सायकलच चालवली असेल. दादा तरुणपणी जे शिकले ते पडून शिकले, आणि पडण्याचं मग हसू केलं, कारण दुसरं करणार काय? इंजिन हे काम होतं, गाडी ही त्यांची एकट्याची चैन. शेत, कर्ज, भावकी या सगळ्यातून सुटून वाऱ्यावर निघायचे ते तास. नातवाला ते देऊ पाहतायत ते हेच, त्यात फुशारकी थोडीच आहे. फक्त त्यातली अर्धी गोष्ट गळाली आहे. ती गोष्ट त्यांच्या तोंडून काढून घ्यायची.

त्यासाठी दादांना गाठा, पण "लेकराला गाडी देऊ नका" असं म्हणून सुरुवात करू नका. म्हटलंत की ते अडणार. त्यांना विचारा, "दादा, तुम्ही प्लग का काढून ठेवता?" आणि गप्प बसा. ते सांगतील. मग म्हणा, "जसं इंजिनाचं हँडल शिकवता तसं याला गाडीचं शिकवा. पळवायचं नंतर, थांबवायचं आधी." हे काम त्यांच्या मानाचं आहे, म्हाताऱ्या माणसाकडं असलं काम मागायला कुणी येत नाही. कुठं पडलो हे ते सांगतातच. का पडलो, तेव्हा काय करायला हवं होतं, सोबतच्यांपैकी कोण कसा गेला, हेही नातवापुढं येऊ द्या. त्या काळात अशी गाडी बाळगणाऱ्याच्या ओळखीत एखादा तरी परत न आलेला असतोच.

यजमानांचं एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. "मला कधी हात लावू दिला नाही." ताई, ते वाक्य चाळीस वर्षांचं आहे. बापाची गाडी ढाळजेत, आपल्याला हात लावायची बंदी, आणि आता ती सरळ नातवाला! ते गप्प आहेत ते दादांच्या भीतीनं असं तुम्हाला वाटतं, मला त्यात थोडं दुखणं दिसतं. म्हणून पुढचा उद्योग तिघांचा करा, दोघांचा नको. दादा सांगतील, बाप आणि लेक पाने फिरवतील. टाकी गंजली असेल ती धुवायची, कार्बोरेटर खोलायचा, ब्रेकचे लायनर, केबली, सील, टायर बदलायचे, वायरिंग नव्यानं ओढायचं. तालुक्याला टू-स्ट्रोक जाणणारा एखादा जुना मिस्त्री अजून असेल, त्याला एक-दोन दिवस घरी बोलवा. सुटे भाग सहज मिळत नाहीत आणि महाग पडतात, तेव्हा हे काम वर्षभर चालेल. चालू द्या. काळे हात करून जो पोरगा ब्रेकचा ड्रम स्वतः उघडून बघतो, त्याला तो ड्रम किती थांबवू शकतो हे भाषणाशिवाय कळतं.

कायद्याचं बघा, कारण इथं तुमच्या हातात पक्का मुद्दा आहे. गिअरची गाडी चालवायला अठरा पूर्ण आणि लायसन्स हवं. सोळाव्या वर्षी मिळतं ते बिनगिअरच्या पन्नास सीसीपर्यंतच्या गाडीचं. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला आलेल्या १९९ अ कलमाप्रमाणं अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. इथं मालक दादा आहेत. हे त्यांना वाचून दाखवा, डिसेंबरापर्यंत कुणी घाई करणार नाही.

आणि गाडीची आरसी काढून बघा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढं दर पाच वर्षांनी गाडी तपासून, पर्यावरण कर भरून ती वाढवावी लागते. १९८४ च्या गाडीची पहिली मुदत १९९९ ला सरली. नंतर नूतनीकरण झालंय का? नसेल तर विमाही बहुधा नसेल, आणि अशी गाडी गल्लीच्या टोकापर्यंतही नेता येत नाही. कुणाला धक्का लागला तर भरपाई घरच्या जमिनीतून जाईल. विंटेज म्हणून वेगळी नोंदणी असते, पण २०२१ च्या नियमाप्रमाणं ती पन्नास वर्षं झालेल्या गाड्यांना. दादांच्या गाडीला तो मान मिळायला २०३४ उजाडेल, आणि विंटेज गाडीही रोजच्या वापराला चालत नाहीच.

मुलाशी मात्र तुम्हीच बोला, दादांना मध्ये घालू नका. लायसन्स निघाल्यावर निदान दोन वर्षं एबीएसची एखादी साधी गाडी, हेल्मेट घातल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, रात्री हायवे नाही, मागं एकच माणूस. हे त्याच्या बापानं आणि दादांनीही पाळायचं. दादा दूध आणायला बोडक्यानं जात असतील तर तुमचा नियम त्याच दिवशी संपला. भावाचं काय झालं ते मुलाला एकदा नीट सांगा. रडू आलं तर येऊ द्या. आवाज आला की आईच्या पोटात गोळा का येतो, हे कदाचित त्याला अजून माहीतच नसेल.

अशी पत्रं बऱ्याच घरांतून येऊ शकतात. कुणाच्या दारात सायलेन्सर बदललेली बुलेट, कुणाकडं छत काढलेली जुनी जीप, कुणाचा नवरा मिरवणुकीत ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलून दाखवणारा. ट्रॅक्टरचं हे खूळ मला आरडीपेक्षा भयंकर वाटतं, उलटा झाला तर खाली सापडलेला माणूस क्वचितच वाचतो. जायकवाडीच्या पाण्यावर जुनं इंजिन बसवून होडी पळवणारेही आहेत. त्यांच्या बायकांनी भांडायचंच असेल तर आधी लाईफ जॅकेटसाठी भांडावं, इंजिनासाठी नंतर. वस्तू हिसकावून घेतली की माणूस ती चोरून वापरतो. तीच त्याला सांभाळायला, शिकवायला लावली तर बरेचदा तोच तिचा पहारेकरी होतो. बरेचदा म्हणतो, नेहमी नाही. दारू पिऊन चालवणाऱ्याशी चर्चा करू नका, किल्ली घ्या.

राहता राहिला दादांनी गावासमोर दिलेला शब्द. तो मोडायला लावू नका, गरज नाही. "गाडी नातवाची" म्हणाले ना, मग होऊ दे नातवाची. अठरा पूर्ण झाल्यावर कागद सरळ करून नावावर करता येईल. नावावर असणं वेगळं आणि चालवणं वेगळं. नोंदणी, तपासणी, नंबरप्लेट आणि दुरुस्ती यातच पुढची खंडेनवमी येईल, आणि तोवर प्लग दादांच्या कपाटात. पुढं कधी चालवायची ती दादांच्या देखत, मोकळ्या जागी, आधी ब्रेक मारून दाखवायचे आणि मगच दुसरा गिअर.

दादा यातलं काहीच ऐकत नाहीत आणि लायसन्स निघायच्या आधीच पोराच्या हातात गाडी देतात असं झालं, तर मात्र भीड धरू नका. यजमानांना सोबत घ्या, प्लग तुमच्याकडं मागून घ्या आणि स्पष्ट नाही म्हणा. सून वाईट ठरली तर ठरली.

आणि पुण्याच्या त्या गिऱ्हाइकाचा नंबर फेकू नका. वर्षा-दोन वर्षांत पोराचं मन उडालं, शिक्षणाला पैसे लागले, किंवा दादांनाच वाटलं की बास, तर दादांच्या सहीनं आणि सगळ्यांच्या संमतीनं विकता येईल. आरसी चालू असलेल्या, नीट पेटणाऱ्या गाडीला तो आजच्यापेक्षा जास्तच देईल.